चोरीचा मनी प्लांट

"मागून नेला तं मनी प्लांट लागत नाही बाई, चोरूनच न्या लागते," शेजारच्या काकू बैठकीत आईला सांगत होत्या.

"मग मी चहा मांडतो, तुम्ही चोरा," म्हणून आई हसत स्वयंपाकघरात गेली.

मी आतल्या दारातून पाहत होते. खिडकीच्या गजांवर चढवलेला तो वेल माझा होता. काकूंनी घाईने एक पान खुडून पदराखाली लपवलं. ही तिसरी चोरी. आधीची दोन्ही पानं त्यांच्या बाटलीत कुजली होती. मुळं वेलाच्या गाठीला फुटतात, नुसत्या पानाला नाही. असंच चाललं तर माझा वेल बोडका झाला असता. पाहुण्यांसमोर मी सहसा येत नाही, पण कात्री घेऊन बाहेर आले.

"काकू, गाठीच्या खालून कापा. मी डोळे मिटते."