तिच्या वडिलांच्या खाटेजवळ

मैत्रिणीचा इंग्लंडहून पहिला फोटो आला तेव्हा मी वॉर्डात धुऊन आलेल्या चादरी मोजून घेत होते. गडद निळा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र, मागे लाल विटांचं हॉस्पिटल. मी अंगठा पाठवला आणि फोन पालथा घातला. दुपारी डबा गेला नाही.

कोल्हापुरात आम्ही एकाच नर्सिंग कॉलेजला, एकाच खोलीत होतो. ती शिरोळची, ऊसवाल्या घरातली. मी इचलकरंजीची, वडील यंत्रमागावर कामाला. अवघड शीर सापडायची ती मला. लहान पोराला सलाईन लावायची वेळ आली की ती मलाच पुढे ढकलायची. पुढे एकाच हॉस्पिटलात लागलो आणि परदेशासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षाही बरोबरच दिली. ती पास झाली. मी लेखनात थोडक्या गुणांनी राहिले. परत बसले, परत तिथंच अडकले. तोवर माझं लग्न ठरलं आणि तिचा व्हिसा आला. जायच्या दिवशी ती माझ्या गळ्यात पडून रडली. रडले मीही, पण कशासाठी ते मलाच ठाऊक.

मग सुरू झाले व्हिडिओ कॉल. तिच्या खिडकीबाहेर नुसतं धुकं दिसलं तरी मला वाटायचं, हिचं धुकंसुद्धा स्वच्छ आहे. भाकरी थापताना मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे. शीर मला सापडायची आणि गेलीस तू.

दोन पावसाळे गेले आणि तिचे वडील आमच्याच वॉर्डात दाखल झाले. हृदय थकलं होतं, पायांवर सूज होती, दोन उशा लावल्याशिवाय झोपता येत नव्हतं. तिची आई आधीच गेलेली, भाऊ शेतीचं बघून ये-जा करायचा. त्यामुळे जास्त वेळ त्यांच्याजवळ मीच असायची. मला ते ‘पोरी’ म्हणायचे. शेजारच्या खाटेवर नवीन पेशंट आला की विचारायचे, “पावणं, कुठलं गाव?” उत्तर मलकापूर असो नाहीतर आणखी कुठलं, पुढचं वाक्य ठरलेलं. “आमची लेक इंग्लंडात नर्स हाय.”

हे चाललेलं असताना मी त्यांची पाठ पुसत असायची. एकदा एका पेशंटनं माझ्याकडे बोट करून विचारलं, “आणि ही?”

“ही तिची मैत्रीण. ही हितंच असती.”

ते ‘हितंच’ मला घरी गेल्यावरही टोचत राहिलं.

तिचा रोज फोन यायचा. लघवी किती झाली, पाणी मोजून देतीस न्हवं, वजन घेतलंस का. मी उत्तरं द्यायची, पण आत जळत असायचं. वाटायचं, तिकडची मोठी नर्स हितल्या नर्सची तपासणी घेतेय.

एका दुपारी त्यांनी चहा मागितला. साखरेचा. डॉक्टरांना विचारून मी थोडा आणला आणि चमच्यानं पाजला. त्यांनी माझं मनगट धरलं, बराच वेळ सोडलं नाही. मग श्वास लांबत गेला. डॉक्टर धावत आले, होतं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही. मी तिला फोन लावत राहिले आणि तो वाजत राहिला. ती ड्युटीवर होती. फोन कपाटात ठेवूनच तिथं वॉर्डात जायचं असतं.

ती पोचली तेव्हा रक्षासुद्धा नदीत सोडून झाली होती. दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी माझ्या घरी आली आणि स्वयंपाकघरात खालीच बसली. मी दोन कप चहा केला.

“शेवटी काय बोलले?”

“चहा मागितला.”

“साखरेचा?”

“व्हय. दिला.”

मग ती म्हणाली, “इंग्लंडला जायच्या आधी मला कुणीतरी सांगाय पाहिजे होतं.”

आणि एकेक सांगायला लागली. इथं आयसीयू सांभाळलेल्या तिला तिथं सुरुवातीला सलाईनची सुईसुद्धा लावू दिली नव्हती. परत शिकायचं, कुणीतरी बघून सही करायची, मग हात लावायचा. वॉर्डातला फोन वाजला की ती उचलायचं टाळायची, कारण फोनवर ओठ दिसत नाहीत आणि उच्चार कळत नाहीत. पेशंट “मी ठीक आहे” म्हणतो तेव्हा तो ठीक नसतो, हे समजायला वर्ष गेलं. एका म्हातारीनं हिला बघून दुसरी नर्स मागितली होती.

“दुसऱ्यांच्या बापांना अंघोळ घालायची, भरवायचं, आणि आपला बाप फोनवर बघायचा. हे कुणी सांगत न्हाय गं.”

“मग ये की परत.”

“आता न्हाय जमायचं. तिथं मी पेशंटबद्दल काही बोलले तर डॉक्टर थांबून ऐकतात. हितं आपण ते आले की खुर्चीवरनं उठून उभं राहायचो.” मग म्हणाली, “खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. त्यांचा हात तुझ्या हातात होता.”

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं हेवा मी केला, आणि आता तोही हिनं घेतला.

“पाठ मी पुसायची,” मी म्हणाले, “आणि सगळ्या वॉर्डला कौतुक तुझं. ‘ही हितंच असती’ म्हणून सांगायचे माझ्याबद्दल.”

उठून तिनं दोन्ही कप धुतले, पालथे घातले आणि म्हणाली, “मला म्हाईत न्हवतं.” जाताना तिनं माझा खांदा दाबला. मी हलले नाही.

नंतर महिनाभर आमचं बोलणं नव्हतं. मग तिनंच फोन केला, आता मधूनमधून बोलतो. ती तिथली थंडी सांगते, मी इथल्या बदल्या.

परवा आमच्या वॉर्डातली एक नवी सिस्टर परदेशी जायचं म्हणत माझ्याकडे आली. मैत्रिणीनं सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं, सुईचं, फोनचं, म्हातारीचं, बापाचंही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“ताई, तुम्हाला मिळालं असतं तर गेला असता?”

“गेले असते,” मी म्हणाले.

ती हसली आणि परीक्षेची पुस्तकं कुठं मिळतात ते विचारायला लागली. माझी माळ्यावर होती. दुसऱ्या दिवशी नेऊन दिली, आणि ती पुस्तकं पिशवीत भरताना मला तिच्याकडे बघवेना.