ओटीत घातलेलं मैदान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, कारण मधेच हसलात तर चहा नाकात जाईल आणि मग मलाच तुमची पाठ चोळत बसावं लागेल. असला गाढवपणा आहे! आणि तो मी घरात एकटी असताना नाही, अख्ख्या लालबागसमोर केलाय. व्हिडिओसकट!

आमच्या चाळीत मला सगळे परबकाकू म्हणतात. महिला मंडळाची अध्यक्ष मीच. गणपतीत माईक माझ्याकडे, हळदीकुंकवाला तिळगूळ माझ्याकडे, आणि कोण माणूस कसा आहे हे बघताक्षणी ओळखायचं खातंही माझ्याकडे. म्हणजे तसं मीच सगळ्यांना सांगायचे. हल्ली नाही सांगत.

तर आमच्या चाळीसमोर एक मैदान आहे. फार मोठं नाही, पण आमचं सगळं त्याच्यावरच चालतं. एकीकडे क्रिकेट, दुसरीकडे मिरच्यांचं वाळवण, बाकावर म्हाताऱ्यांची बैठक, लग्नसराईत मांडव. माझं स्वतःचं लग्न त्या मैदानात लागलंय. अंतरपाट वाऱ्याने उडाला तेव्हा आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि भटजी ओरडले की अजून मुहूर्त व्हायचाय, डोळे मिटा! असल्या मैदानावर तुम्ही पाणी सोडाल का?

महापालिकेच्या नकाशात त्याच्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. आणि एक दिवस वॉर्ड ऑफिसची नोटीस लागली. कुठल्याशा बिल्डरने अर्ज केलाय की ही जागा पडीक आहे, कोणी वापरत नाही, सबब आरक्षण उठवा आणि इथे टॉवर बांधायला द्या. पडीक! मी नोटीस वाचली तेव्हा माझ्या मागे नो-बॉलवरून हाणामारी चालली होती आणि हे म्हणे पडीक!

नोटिशीत पुढे होतं की लोकांनी सुनावणीला येऊन हरकती सांगाव्यात. त्याच दिवशी वॉर्डाच्या बजेटसाठी सूचनाही घेणार होते. पण त्याआधी एक अधिकारी मैदानाची पाहणी करायला येणार. तो जे सांगेल तेच वर जाणार, आणि मग पालिकेच्या सभागृहात नगरसेवक हात वर करणार.

त्या संध्याकाळी चाळीची मीटिंग झाली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "ऐका! बिल्डरचा माणूस आला तर हाकलायचा. पालिकेचा अधिकारी आला तर डोक्यावर घ्यायचा. सोप्पं आहे!"

"पण काकू, ओळखायचं कसं कोण कुठला ते?" शेजारच्या रेखाने विचारलं.

"ते माझ्यावर सोड."

सोडलं हो बिचारीने.

मार्चचे दिवस. मसाल्याचा सीझन ऐन भरात. मैदानात माझी बेडगी मिरची एका चादरीवर, संकेश्वरी दुसरीवर, आणि मी मधे खुर्ची टाकून बसलेले. हातात कबुतरं हाकलायची काठी, टोकाला लाल फडकं. आमचे हे बाजूला पेपर वाचत होते. बँकेतून रिटायर झाल्यापासून ते पेपर वाचतात आणि मी जे करीन त्याला नको म्हणतात. दुसरं काम नाही.

एवढ्यात एक माणूस आला. चालत! एकटा! किडकिडीत अंग, चौकटीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पायात चपला. आला तो सरळ माझ्याकडे नाही आला. आधी चहावाल्याशी गप्पा मारल्या, मग पोरांची बॅटिंग बघत उभा राहिला, मग मांडवाच्या खांबांना हात लावून पाहिला. मंडपवाला आदल्या दिवशी तावडेंच्या मुलीच्या लग्नासाठी खांब रोवून गेला होता. माझे कान उभे राहिले.

मग तो माझ्यापाशी आला. गोड हसला. हसणारा माणूस मला पहिल्यापासूनच नको असतो.

"ताई, मिरच्या रोज घालता का इथे?"

"का? घ्यायच्यात?"

"नाही, सहज. आणि रात्री इथे कोण असतं? गेटला कुलूप असतं का?"

बघा! म्हणजे बघा तुम्ही! रात्री कोण असतं, कुलूप असतं का! चोराने तरी असं तोंडावर विचारलं असतं का?

"तुम्ही कोण?" मी उभी राहिले.

"मी जरा पाहणी..."

"पाहणी? कोणाच्या वतीने पाहणी? गाडी कुठाय? शिपाई कुठाय?"

"अहो ताई, गाडी कशाला, मी चिंचपोकळीला उतरून चालत..."

चालत! पालिकेचा साहेब कधी चालत येतो? माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"रेखा ऽऽऽ! आला गं, बिल्डरचा हेर आला!"

"अगो, त्येका आधी इचार तरी कोण तो!" हे पेपरामागून ओरडले. ते मालवणीत बोलायला लागले की समजायचं, घाबरलेत. पण माझ्या हातात काठी होती आणि अंगात वारं शिरलं होतं. मी काठी उचलली, लाल फडकं फडफडलं, आणि तो माणूस पळाला!

काय पळाला म्हणता! आधी क्रिकेटच्या पिचवरून, तिथे बॉलर त्याला धडकला. मग मांडवाच्या खांबांतून नागमोडी. मग म्हाताऱ्यांच्या बाकाला वळसा घालून परत माझ्याच दिशेला, आणि थेट माझ्या संकेश्वरीतून! लाल ढग उठला. त्यातून शिंका ऐकू आल्या. "आक्छी! आक्छी! आक्छी! अरे देवा!" प्रत्येक वेळी तीन शिंका आणि एक अरे देवा. गेटबाहेर गेला तरी रस्त्यावरून ऐकू येत होतं. मागे राहिली ती मिरच्यांत रुतलेली एक चप्पल.

ती मी उचलली आणि पिशवीत घातली. "पुरावा आहे," मी सगळ्यांना म्हटलं. टाळ्या पडल्या हो! मला तर हवेतच तरंगल्यासारखं झालं.

आणि अर्ध्या तासात गेटशी पांढरी गाडी थांबली. त्यातून एक तरुण मुलगी उतरली. डोक्याला हेल्मेट, गळ्यात मंगळसूत्र, अंगात नारिंगी जाकीट, मागे टेप आणि तिपाई घेतलेले दोघे. याला म्हणतात अधिकारी!

"नमस्कार काकू, मी पाहणीला आलेय. मी..."

"माहितेय गं बाई! वाटच बघत होतो. आधी सावलीत चल!"

"पण काकू, मी कोणाकडून..."

"आधी खा, मग बोल!"

ती बिचारी दोनदा काही सांगू गेली. दोन्ही वेळा मी तिच्या ताटात सुरमईची तुकडी वाढली. तिसऱ्यांदा सोलकढी. तोंडात घास असताना माणूस काय सांगणार? मैदान मोजून झालं आणि ती निघाली. आता सांगा, लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा आपल्या दारात आली, तर तिला तशीच कुंकू न लावता पाठवायची?

"माका वाटता, ती पोरगी पालिकेची नाय," हे माझ्या कानाशी पुटपुटले. "गाडयेर काय लिवलाहा बघ तरी!"

"तुम्ही पेपर वाचा."

मी खण काढला, नारळ काढला, तांदूळ घेतले. मैदानाच्या मधोमध पाट मांडून तिला बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. रेखा मोबाइलवर शूटिंग करत होती. कॅमेरा दिसला की माझं तुम्हाला माहितेय. मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हटलं, "पोरी, हे मैदान आम्ही तुझ्या ओटीत घातलं. आता तुझ्या मनाला येईल ते कर!"

बायकांनी डोळे पुसले. रेखाने रातोरात व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकला.

सुनावणीचा दिवस. आमची अर्धी चाळ वॉर्ड ऑफिसच्या सभागृहात. मी काठाची साडी, गजरा, पिशवीत पुरावा. आधी बजेटच्या सूचना झाल्या. मी सर्वांत पहिला हात वर करून मैदानाला कुंपण, दिवे आणि एक नियमांचा बोर्ड मागितला. म्हटलं, आपलं काम तर झालेलंच आहे, आता सजावट मागून घेऊ.

मग आमचा विषय पुकारला. समोर मंचावर कोट घातलेले एक साहेब बसले होते, चष्मा, पुढ्यात कागदांचा ढीग. मी नमस्कार केला, त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, कामात आहेत.

"अर्जदारातर्फे कोण बोलणार?" साहेबांच्या बाजूच्या कारकुनाने विचारलं.

आणि माझी मुलगी उठली. माझी! सुरमईवाली!

"मी या टॉवरची आर्किटेक्ट," ती म्हणाली.

 ती माझ्याकडे बघतही नव्हती. म्हणाली, जागा पडीक आहे, वापर नाही, आणि स्थानिकांचा विरोधही नाही. असं म्हणून तिने भिंतीवरच्या पडद्यावर व्हिडिओ लावला.

पडद्यावर मी. भिंतीएवढी! "पोरी, हे मैदान आम्ही तुझ्या ओटीत घातलं. आता तुझ्या मनाला येईल ते कर!"

मागून आमच्या ह्यांचा आवाज आला, "माका तेव्हाच वाटला हुता."

मला रडू फुटलं. माझ्या तोंडाने मी मैदान दिलं! जिथे माझा अंतरपाट उडाला ते मैदान! नोटिशीच्या दिवसापासून घसा फोडतेय आणि शेवटी मीच खण-नारळासकट देऊन मोकळी झाले! तावडेकाकू माझ्याकडे अशा बघत होत्या की मी जमिनीत गेले असते तरी त्यांनी वरून माती लोटली असती.

पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी ताडकन उठले. "साहेब! ही फसवणूक आहे! यांनी आधी मैदानात हेर पाठवला! चोरासारखा! चौकशा करत फिरत होता! हा बघा पुरावा!"

आणि पिशवीतून चप्पल काढून मी ती उंच धरली.

दारातला शिपाई धावला, त्याला वाटलं मी फेकतेय. मी दुसऱ्या हाताने त्याला ढकललं आणि चप्पल जोरजोरात हलवली. "ही त्या लुच्च्याची चप्पल! विचारा यांना, कोण होता तो!"

चप्पल हलली तशी तिच्यातली संकेश्वरी उडाली. पंखा फुल स्पीडवर. लाल धूळ सरळ मंचाकडे गेली.

"आक्छी! आक्छी! आक्छी! अरे देवा!"

माझा हात तिथेच थांबला.

अहो, मी त्या माणसाला चेहऱ्याने कशी ओळखणार? मी त्याला बहुतेक वेळ पाठीमागूनच पाहिला होता ना!

साहेबांनी रुमालाने डोळे पुसले. चष्मा घातला. आणि हळूच म्हणाले, "ताई, ती माझी आहे."

  आधी रेखा फिसकन हसली, मग चाळ, मग शिपाई. मी चप्पल पुढे करावी की मागे लपवावी, मला कळेना. शेवटी दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी, मंचावर नेऊन ठेवली.

"चुकलं साहेब," मी म्हटलं. "मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका. मैदान माझं एकटीचं नाही हो द्यायला."

 साहेबांनी आर्किटेक्ट मुलीला सांगितलं, "मॅडम, तो व्हिडिओ परत लावा. आवाज बंद. ताईंकडे नको, त्यांच्या मागे बघा."

मागे काय होतं? क्रिकेट चाललं होतं. मांडव होता. बाकावर म्हातारे होते. पुढ्यात माझ्या मिरच्या होत्या.

"याला पडीक म्हणता?" साहेब म्हणाले. "मॅडम, मी या मैदानात स्वतः पळालोय. पडीक जागेत माणूस सरळ पळतो हो! मला इथे वाट म्हणून मिळेना. पिचवर आपटलो, खांबांत अडकलो, मिरच्यांत रुतलो. इतकं वापरातलं मैदान मी दुसरं पाहिलेलं नाही. तसंच वर कळवणार आहे."

मी तिथेच मंचाच्या पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. ह्या वेळेला कॅमेरा नव्हता तरी.

पुढे पालिकेच्या सभागृहात विषय आला, आरक्षण कायम राहिलं, टॉवर गेला. आणि बजेटमध्ये आमचं कुंपण, दिवे, बोर्ड, सगळं मंजूर! चाळीने ठरवलं, बोर्डाचं उद्घाटन परबकाकूंच्या हस्ते. मी म्हटलं, बघा, शेवटी कदर झाली.

साहेबही आले. परत चालतच! पण ह्या वेळेला नाडीचे बूट घालून. मी ओवाळायला ताट घेऊन पुढे झाले, तर ते एक पाऊल मागे सरकले आणि गेट उघडं आहे ना, ते बघून घेतलं.

मी नारळ फोडला, पडदा ओढला. टाळ्या! माईक हातात घेऊन मी मोठ्या आवाजात नियम वाचायला लागले. कचरा टाकू नये. वाहन उभं करू नये. झाडं तोडू नयेत. आणि शेवटच्या नियमाशी माझी जीभ अडखळली. पण माईक चालू होता, वाचावंच लागलं.

"मैदानाच्या पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांचा पाठलाग करू नये."

आमचे हे म्हणाले, "लोकांची नावां पाटयेर येतत. तुझो थेट नियम इलो!"