क्रेनचे चार पाय

क्रेन चालवणाऱ्या आत्याचं कुणाशीच वाजलं नाही, असा आठवडा गेल्या बावीस वर्षांत गेला नसेल. पण थेट छापील पुस्तकाशी भांडण म्हणजे जरा अतिच झालं, असं मजल्यावरच्या समस्त बायकांचं मत पडलं.

झालं असं, की सहा वर्षांची भाची पहिल्यांदाच एकटीनं, शब्दाशब्दावर बोट ठेवत, अख्खं पुस्तक वाचत होती. मदतीला धावणाऱ्या गाड्यांचं. पान सातवं. "क्रेन आली. बस उचलली. सगळे घरी गेले." चित्रात खड्ड्यातली बस हवेत, आणि पिवळी क्रेन नुसत्या चाकांवर उभी राहून गालातल्या गालात हसतेय.

"पाय कुठायत हिचे?" आत्यानं विचारलं.

"क्रेनला पाय नसतात. चाकं असतात."

"चार असतात! बाजूला निघतात, जमिनीवर रोवायचे, मगच उचलायचं. नाहीतर क्रेनच जाईल बसच्या अंगावर."

"पुस्तकात नाहीत," भाचीनं निकाल दिला. "तू थापा मारतेस."

थापा! अठरा टनांची तुळई अल्लाद पुलावर ठेवणारी बाई, ती थापाडी ठरली. वर दुसऱ्या दिवशी पोरीनं ते वर्गभर सांगितलं. आत्याला घास गोड लागेना.

"ताई, सोडा ना. पोर आहे," भावजय म्हणाली.

"पोर आहे म्हणूनच. तिचा भरवसा कागदावर आहे ना? मग कागदच सरळ करते."

शनिवारी कामावरचे बूट न काढताच ती प्रकाशकाच्या कचेरीत धडकली. चित्रंही तोच काढायचा.

"बाई, पाय दाखवले तर क्रेन कोळ्यासारखी दिसते. मुलं घाबरतात."

"भरलेली बादली आहे का?"

बेसिनखालची बादली आली.

"पाय जुळवून उभे राहा. आता हात लांब करून धरा ही."

ब्याद टळावी म्हणून त्यानं धरली. आधी टाचा उचलल्या, मग सगळा माणूसच बादलीसकट पुस्तकांच्या गठ्ठ्यावर गेला.

"आता भरून आणा, आणि पाय फाकवून."

या खेपेला तो खांबासारखा उभा राहिला. फक्त विजारीतून पाणी ठिबकत होतं.

"पुढच्या छपाईत नक्की..."

"आत्ता."

निमूटपणे त्यानं पान नव्यानं काढलं. खाली ओळ घातली, "आधी चार पाय रोवले." आत्यानं वर्गापुरत्या प्रती काढून घेतल्या आणि घरी येऊन पहिली भाचीच्या पुस्तकात चिकटवली.

भाचीनं वाचलं. चेहरा उजळला. "आत्या, बघ ना! क्रेनला पाय असतात! तुला माहीत होतं?"

भाऊ हसू दाबत स्वयंपाकघरात पळाला. दुसरी कुणी असती तर जिंकले म्हणून गप्प बसली असती. आत्यानं रविवारी सकाळी पोरीच्या डोक्यावर नाकापर्यंत येणारं हेल्मेट चढवलं आणि तिला क्रेनच्या यार्डात, दोरीच्या अलीकडे उभं केलं. स्वतः क्रेनवर चढून दांडा ओढला. चारी पाय घुर्रघुर्र करत बाहेर सरकले. आत्यानं खाली उतरून प्रत्येकाखाली जाड फळ्या सारल्या, पुन्हा वर चढली, आणि सबंध क्रेन हळूच चाकांसकट उचलली गेली.

भाचीचा आ मिटेना. मग तिनं फतकल मारली, पुस्तक मांडीवर उघडलं आणि बराच वेळ एकदा पानाकडे, एकदा क्रेनकडे पाहत राहिली.

"आत्या, पायाखालच्या फळ्या चित्रवाल्या काकांनी दाखवल्याच नाहीत."

"मग?"

"मग पाय मातीत रुततील ना!"

आत्यानं इंजिन बंद केलं. "चल. आज कचेरी बंद असेल, पण काकांच्या घरचा पत्ता आहे माझ्याकडे."