खाडीपलीकडची पाचवी

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. कतारच्या दोह्यात तेव्हा सरकारी शाळा एकामागून एक उघडत होत्या आणि त्या शाळांची बाकं करणाऱ्या सुतारांत मी होतो. आधी मुलांची एक शाळा, मग दुसरी, मग मुलींचीसुद्धा. पुस्तकं फुकट, शिकवायला बाया थेट परमुलखातून आणलेल्या. मी स्वतः जेमतेम दुसरी शिकलेला, पण शाळा म्हटलं की आपल्या हातचं काम, असा तोरा होता मला.

रत्नागिरीकडच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला खाडीपलीकडे जायचं, रोज तरीच्या होडीतून. माझी मुलगी चौथी पास झाली आणि बायकोचं पत्र आलं. बायकोला अक्षरओळख नाही, ती सांगायची आणि मुलगी लिहायची. ‘गुरुजी म्हणतात पोरगी हुशार आहे, थांबवू नका. पलीकडे पाठवू का? तुम्ही सांगाल तसं.’

पत्र मी खोलीत वाचून दाखवलं. आम्ही सहा जण राहायचो, सगळे खाडीकाठचेच. एक म्हणाला, “पोरीची जात, रोज होडीत बसून जाणार? उद्या काही झालं तर कोणाकोणाची तोंडं धरशील?” दुसरा म्हणाला, “शिकवून काय वकील करायचीय तिला?” मला राग आला, पण त्यांच्या हो ला हो मिळवलं. दिवसभर मुलींच्या शाळेची बाकं ठोकायची आणि संध्याकाळी यांच्यापुढे मान हलवायची. भित्राच मी, दुसरं काय! उत्तर धाडलं: मी रजेवर येतोय, आल्यावर बघू. तोवर पोरीला घराबाहेर काढू नको.

रजा तोंडावर आली तेव्हा मुकादम म्हणाला, “नवी शाळा उघडायचीय. बाकं पुरी कर, मग जा. पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला.” तो पुढचा महिना दोन वर्षांनी आला. एक शाळा पुरी झाली की दुसरी निघायची. मधे घरून दोन ओळी आल्या होत्या. ‘निरोप पोचला. मुलगी घरीच आहे.’ अक्षर असं सुरेख, की मी ते पत्र खोलीत सगळ्यांना दाखवत फिरलो. वाह्यात माणूस.

घरी पोचलो तेव्हा मुलगी आईच्या खांद्याला लागली होती. जेवण झाल्यावर बायको हळूच म्हणाली, “तुमचं ते पत्र तिनंच वाचलं. घराबाहेर काढू नको, इथवर आली आणि थांबली. मला वाटलं, अक्षर लागत नसेल. मग खालचे सगळ्यांचे सलाम वाचले तिनं, एकूण एक.”

घरात वाचणारं दुसरं होतं कोण? मला हे ठाऊक होतं, आणि तरी लिहिताना एकदाही मनात आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी जाऊन मुलीला म्हटलं, “आता जातेस का पाचवीला? मी स्वतः पोचवतो तरीपर्यंत, कोण काय म्हणतो बघू.” ती भाकरी थापत होती. रडली असती, भांडली असती तर मला सोसलं असतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“आता त्या लहान पोरींत कुठं बसू, अब्बा?” ती म्हणाली.