पत्र्यावर दोन थापा

काल चाकणला टेम्पो थांबवायला पत्र्यावर दोन थापा मारल्या अन् जर्मनीतली ती बस आठवली. माझे कान अजून गरम होतात.

नवीन मशीन शिकायला कंपनीनं मला धाडलं होतं. सायेब म्हणले होते, "पहिल्याच दिवशी उशीर केलास तर तिथूनच माघारी बोलावीन."

त्या गावाचं तोंडच मला आवडलं न्हाई. करड्या भिंती, हाडात शिरणारी थंडी अन् कुणी कुणाशी बोलंना. बस भरली, पण माझ्या शेजारची जागा रिकामीच. मला वाटलं, वास येतो काय आपला?

तेवढ्यात सायबांनी फोटोत दाखवलेलं कारखान्याचं गेट खिडकीतून मागं पळालं. हात सवयीचा, राव! बसच्या अंगावर दोन थापा हाणल्या अन् वरडलो, "ओ ड्रायव्हर, थांबा की!"

बस कचकन थांबली. एका म्हातारीनं पर्स छातीशी धरली. ड्रायव्हर लालबुंद होऊन आला, अंगावर खेकसला अन् दाराकडं बोट केलं. मी हात जोडले, तर आणखीच भडकला. खाली उतरलो, त्या गावाला शिव्या घालत पळालो अन् येळेत पोचलो.

आता वाटतं, आपली भाषा न येणारा कुणी चाकणच्या टेम्पोत असा काहीतरी बडवत वरडला असता, तर आमी आधी धुतला असता अन् मग इचारलं असतं, "भावा, कुठं जायचंय?" त्यांनी तर नुसतं उतरवलं. अन् मला तरी दुसरं काय पायजे होतं?