लाकडी तलवारी आणि थकलेले डब्याचे पैसे

ही वही कुणी उघडलीच, तर माझं वाकडं अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. मी चौथीपर्यंतच शिकले. गावी मारुतीच्या देवळामागे माझे वडील पोरांना लाठी-तलवार शिकवायचे, तशी मलाही शिकवली. चौथीनंतर शाळा सुटली आणि तलवारही.

आता मी वाघोलीत कॉलेजच्या मुलामुलींना डबे देते. त्यातल्या एका मुलीकडे तीन महिन्यांचे नऊ हजार थकले होते. सगळे तिने आपल्या शॉर्ट फिल्मला लावले होते. इकडे वाणी मला उधार द्यायला तयार नव्हता. पण पैसे मागायला गेले की मी भाजी कशी झाली तेवढं विचारून परत येते. शेवटी मन घट्ट करून तिचा डबा मी स्वतःच शूटिंगच्या जागी घेऊन गेले.

एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत दोन बहिणींची लढाई चालली होती. धाकटी शत्रूला मिळालेली, थोरली तिला घरी न्यायला आलेली. चंदेरी रंगाच्या लाकडी तलवारी खटाखट वाजत होत्या.

कॅमेऱ्यामागचा मुलगा म्हणाला, "दांडियाच खेळायचा होता तर नवरात्रापर्यंत थांबायचं."

फिल्मवाली मुलगी रडकुंडीला आली. "गप रे! संध्याकाळी जागा सोडायचीय."

मी खाली पडलेली एक तलवार उचलली. तिचा रंग फक्त मधोमध उडाला होता. पैशांचं बोलायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"अगं, या दोघी तलवारीलाच मारताहेत. समोरच्या बाईला कुणी मारतच नाही."

"मावशी, लागेल ना तिला!"

"खांद्याच्या बाहेर वीतभर सोडून मारायचं. पण मारणार फक्त धाकटी. थोरली न्यायला आलीय, ती कशाला मारेल? ती अडवेल आणि मागे सरकेल."

"दाखवता?"

मी पदर खोचला. धाकटी वार करत आली, मी अडवत मागे गेले आणि पाठीला खांब लागला. आता सरकायला जागा नव्हती. माझी तलवार आपोआप वर गेली.

"बस, इथेच!" फिल्मवाली ओरडली.

मग त्या दोघींनी तसंच केलं. खांबाशी थोरलीने तलवार उगारली आणि मारायच्या आधी ती खरोखर रडली. कॅमेरा चालूच राहिला.

त्या दिवशी मी तशीच परत आले. रात्री पोळ्या लाटताना मात्र मनात येत राहिलं, की मी आजवर नुसती मागे सरकत आले. वाण्याने तर आता पीठही उधार देणं बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी डबा द्यायला गेले आणि तिच्या दारातच उभी राहिले.

"मला माझे नऊ हजार हवेत. आजच सगळे नकोत, पण हवेत."

ती ओशाळली. तीन हजार तिने तिथेच दिले. पुढे हिंजवडीत नोकरी लागल्यावर दर महिन्याला दोन-दोन हजार पाठवले. शेवटच्या खेपेला ती स्वतः आली. पाकिटात हजार जास्त होते.

"हे तलवारीच्या शिकवणीचे, मावशी."

ते मी तिला परत केले. माझे नऊ हजार पूर्ण फिटले होते.