गिरणीतला नंबर

‘गाव करी ते राव न करी’ असं कुणी भाषणात म्हटलं की मला शिसारी येते. म्हण खोटी नाही. गावानं एकदा मनावर घेतलं की राजाला जमणार नाही असं काही करून दाखवतं. चांगलंही दाखवतं, आणि सांगताना तोंड कडू व्हावं असंही. मी दोन्ही पाहिलंय, एकाच वर्षात, एकाच छपराखाली. नुसतं पाहिलं असतं तरी चाललं असतं. त्यात माझा हात होता, म्हणून शिसारी जास्त.

माझं सासर घनसावंगीच्या बाजूला. लग्न होऊन आले तेव्हा गावात एक किराणा दुकान होतं आणि त्याच मालकाची पिठाची गिरणी. त्याला शहागडला हायवेवर जागा मिळाली. आठवड्यात त्यानं दुकान उचललं, गिरणी उचलली, जाताना दाराची कडीसुद्धा काढून नेली. पुढची दोन वर्षं आम्ही बायकांनी दळण कुंभार पिंपळगावला नेलं. जीपमध्ये माणसं टपावर बसलेली, तिथं डब्याला कोण जागा देतो? डोक्यावर डबा घ्यायचा आणि चालायचं. घरी येऊन चूल पेटवायची, तोवर पोरं रडून झोपलेली. काडेपेटी संपली तरी शेजारी मागायची, तापाची गोळी हवी तरी पिंपळगाव.

शेवटी गावानं मनावर घेतलं. घरटी सारखी वर्गणी काढली, पंचायतीच्या पडक्या दोन खोल्या दुरुस्त केल्या. पुढच्या खोलीत तेल, मीठ, चहापत्ती, गोळ्या आणि टपालाची पाकिटं, मागच्या खोलीत गिरणी. ओढ्यापलीकडच्या घरांनीही तेवढीच वर्गणी दिली. त्या घरांना आमच्याकडे नुसतं ‘वस्ती’ म्हणतात; जात तोंडानं बोलायची नाही, तेवढे आम्ही सुधारलेले. वर अंगमेहनतही वस्तीचीच. तिथली एक बाई, वयानं माझ्या आईएवढी, आठ दिवस मुरूम वाहत होती. तिनंच जमीन चोपली, तिनंच भिंती सारवल्या. आणि मी, काल आलेली पोर, तिला अगंतुगं करत होते. कुणी मला तसं शिकवलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं.

उद्घाटनाला माझे चुलत सासरे बोलले. ते दुकानाच्या समितीचे अध्यक्ष. “हे दुकान कुन्या एकाचं न्हाई. समद्या गावाचं हाय,” असं त्यांनी हात वर करून सांगितलं. टाळ्या झाल्या, त्यात माझ्याही होत्या. सून दहावी शिकलेली म्हणून दुकान आणि गिरणी सांभाळायला मला बसवलं. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता.

मी नियम एकच केला. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. बायका पहाटे येऊन दारात डबा ठेवून जायच्या. डबा हाच नंबर. लाईट दिवसाकाठी तीन तास, तीही तिच्या मनात आलं तर. रांगेत मागं राहिलेल्याचं दळण राहूनच जायचं आणि त्याच्या घरी त्या दिवशी खिचडी. म्हणजे गिरणीत नंबर हीच खरी वस्तू होती, बाकी दगड आणि पट्टा.

पहिले पंधरा दिवस सुरळीत गेले. मग एक दिवस वस्तीवरच्या त्या मुरूम वाहणाऱ्या बाईचं दळण झालं आणि पाठोपाठ चुलत सासूबाईंचा डबा आला. गिरणीची एक खोड असते. एकाचं दळण झालं तरी ओंजळभर पीठ दगडाच्या पोटात राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून तर बायका गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारी टाकायला सांगतात. सासूबाईंची ज्वारी ज्वारीवरच होती, तरी त्यांनी पदर नाकाला लावला.

“आधी दोन मुठी टाकून दगड धुऊन घी,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याच डब्यातल्या दोन मुठी टाकल्या. खाली पीठ पडलं. “ह्याचं काय करू, आत्याबाई?”

“टाक तिच्या डब्यात. तिला चालतं.”

ती बाई समोरच उभी होती. मी तिच्या डब्यात ते पीठ टाकलं. आमचं पीठ त्यांच्यात गेलं तर दान, त्यांचं आमच्यात आलं तर विटाळ. हा हिशेब ज्यानं कुणी पहिल्यांदा बसवला, त्याच्या डोक्यात किडे पडोत.

दुसऱ्या दिवशी चुलत सासऱ्यांनी तोडगा काढला. “भांडन नको. गावाचं आधी दळा, वस्तीचं शेवटी. दळनार तर समद्यांचंच हाय ना?” किती गोड माणूस! लाईट तीन तास, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी ‘बरं मामा’ म्हणाले. चार दिवसांत वस्तीवरचे दोन-तीनच डबे यायला लागले, तेही लाईट राहिली तर दळून व्हायचे.

त्याच आठवड्यात मला एक गंमत कळली. त्या वेळी मला ती गंमतच वाटली. आदल्या दिवशी शेवटचं दळण वस्तीवरच्या बाजरीचं झालं होतं. सकाळी सगळ्यांत पहिला डबा, मानाप्रमाणे, चुलत सासूबाईंचा. ज्वारी टाकली, पट्टा फिरला आणि खाली पहिल्यांदा पडलं ते काळपट बाजरीचं पीठ. वस्तीला शेवटी ढकललं आणि स्वतः पहिला नंबर घेतला, त्यामुळे शेवटचा डबा आणि पहिला डबा शेजारी आले होते. लाईट पुरली की दुसऱ्या दिवशी वस्तीचं ओंजळभर पीठ थेट अध्यक्षांच्या परातीत. मधे एक रात्र गेली की दगड शुद्ध होतो, अशी सासूबाईंची समजूत असावी. मी ते काळपट पीठ घाईघाईनं हातानं आत कालवलं आणि वर पांढरं येऊ दिलं. घरी जाताना मला एकटीलाच हसू फुटत होतं. त्यांच्याकडे जेवायला गेले की मी भाकरीकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, खा, खा. कित्येक महिने मी त्या हसण्यावर जगले आणि त्यालाच बंड समजले.

मग ती बाई एके दुपारी दुकानात आली. “बाई, उद्या पोरीला बघायला पाव्हणे येऊन राह्यले. जालन्याकडचे हायेत, नोकरीवाले. पुरनपोळीचा बेत हाय. तेवढा एक दिवस माझा गहू पह्यला दळता का?”

तिच्या त्या थोरल्या पोरीची दोन स्थळं आधी मोडली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी म्हणाले, “पहाटे सगळ्यांत आधी डबा ठेव. लाईट आली की तुझंच पहिलं.” हे मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

तिनं पहाटे डबा ठेवला, एकदम दाराशी, पुसून लख्ख केलेला. ती शेजारीच बसून राहिली. मग एकेक डबा मागं लागत गेला. नऊच्या सुमाराला चुलत सासूबाई आल्या. पहिला डबा कुणाचा ते त्यांनी पाहिलं. पायानं ढकलला. हात लावला असता तर आंघोळ करावी लागली असती ना, म्हणून पायानं. डबा जमिनीवर खरखरत गेला, थोडा गहू सांडला. पाठोपाठ बाकीच्या बायकांनीही आपापले डबे पुढं सरकवले. सगळ्या माझ्या रोजच्या, माझ्या पोराचं बारसं केलेल्या.

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. लाईट आली तशी मी सासूबाईंचा डबा उचलला.

“थांब गं, होतंय तुझंबी,” मी तिला म्हणाले. मी म्हणाले हे. असं बोलणारी माणसं मला एरवी बघवत नाहीत.

मी हात भराभर चालवले. पण अकरा डबे होते. तिचा डबा उचलून गिरणीच्या तोंडाशी नेला आणि पट्टा सैल पडत पडत थांबला. लाईट गेली होती. तिनं माझ्या हातातून डबा घेतला आणि सांडलेला गहू वेचला. दाणा न् दाणा वेचला. मग पिंपळगावच्या रस्त्यानं जवळजवळ पळत गेली. ती दळून परत आली तेव्हा पाहुणे पाणी पिऊन निघून गेले होते. निरोप पुढं कधी आलाच नाही. पोळ्यांवाचून सोयरीक मोडली असं मी म्हणणार नाही, पण आई घरात नाही आणि चूल थंड, हे पाहून कोण थांबतो?

त्यानंतर तिनं आमच्या गिरणीत डबा ठेवला नाही. दोन-अडीच महिन्यांनी ती डोक्यावर दळण घेऊन दुकानावरून चालली होती. मी पायरीवर बसले होते. मी तिला हाक मारली, डबा उतरवायला लावला आणि इकडे तिकडे बघून ती गंमत सांगितली. बाजरीचं काळपट पीठ, अध्यक्षांची परात, सगळं. तिला बरं वाटेल, आम्ही दोघी मिळून हसू, असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे तिनं मला माफ करावं, एवढंच हवं होतं.

ती हसली नाही. तिनं विचारलं, “हे तुमाला कव्हापासून ठावं हाय?”

“वस्तीचं शेवटी लावलं, त्याच आठवड्यापासून.”

“म्हंजी माझा डबा ढकलला त्याच्या आधीपासून.”

मी मान हलवली.

“त्या बाईला वाटत व्हतं की आमच्या पिठानं बाटतं. म्हून तिनं ढकलला,” ती शांतपणे म्हणाली. “तुमाला तर बराबर ठावं व्हतं, काहीच व्हत न्हाई. मंग तुमी कामून तिचा उचलला?”

तिनं चुंबळ नीट केली, डबा डोक्यावर घेतला आणि पिंपळगावच्या रस्त्याला लागली. गिरणीत लाईट होती, आणि रांगेत एकही डबा नव्हता.